एका विषयाभोवती भरणारा वर्ग

पहिली-दुसरीच्या वर्गात आठवड्याचा विषय 'बी' असला, की मुलं घरून चिंचोके, हरभरे, वाल, भोपळ्याच्या बिया घेऊन येतात. दहा-दहाचे ढीग लावतात, उरलेले सुटे मोजतात. ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले का, हे रोज सकाळी उघडून बघतात आणि त्यावर दोन ओळी लिहितात. शेवटी त्याच बिया चिकटवून मोर होतो. गणित, भाषा, परिसर आणि चित्रकला, सगळं एका विषयाच्या पोटात येतं. ही पद्धत नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची एक तालेवार शाखा आपल्या बोर्डी-कोसबाडला वाढली. ती कुठे कशामुळे रुजली आणि कुठे कशामुळे वाळली, हे आज पुन्हा बघायला हवं.

आधी वस्तू, मग शब्द, हा आग्रह स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझींचा. इव्हरडॉनच्या त्यांच्या शाळेत फ्रेडरिक फ्रोबेल १८०८ ते १८१० या काळात राहिले. १८३७ मध्ये फ्रोबेल यांनी जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, आठ छोट्या घनांत सुटा होणारा मोठा घन, अशी त्यांची साधनं होती. लहान मुलाच्या हाताला शाळेत प्रतिष्ठा मिळाली ती इथे.

पण नुसती वस्तू समोर ठेवून भागत नाही, हेही लवकरच दिसलं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांचं वस्तुपाठांचं पुस्तक १८३० मध्ये आलं आणि शिक्षकांमध्ये त्याचा चांगलाच प्रसार झाला. पुढे झालं असं, की काचेचा तुकडा समोर ठेवायचा आणि काच पारदर्शक असते, ठिसूळ असते, हे वर्गाने एका सुरात म्हणायचं. पाठांतर मोडण्यासाठी आणलेल्या वस्तूचंच पाठांतर होऊ लागलं. ही या पद्धतीची पहिली घसरण.

एकाच विषयाभोवती सगळं शिक्षण गुंफायची कल्पना पुढे आणली ती लायप्झिगच्या टुइस्कॉन झिलर यांनी. १८६० नंतरच्या त्यांच्या प्रयोगात पहिल्या वर्षाचा केंद्रविषय होता ग्रिम बंधूंच्या परीकथा आणि दुसऱ्या वर्षाचा रॉबिन्सन क्रूसो. निर्जन बेटावरच्या माणसाला निवारा लागतो, भांडी लागतात, धान्य पेरावं लागतं, दिवस मोजावे लागतात. या गरजांच्या वाटेने भूगोल, गणित, चित्रकला आणि लेखन यायचं. आज ज्याला आपण 'थीम' म्हणतो, तिचा हा पूर्वज. उणीव होती ती वेगळीच. केंद्रस्थानी कोणती गोष्ट असावी, हे वर्षानुवर्षांसाठी वरून ठरलेलं होतं. समोरच्या मुलांच्या जगण्याशी तिचा संबंध असेलच असं नव्हतं.

तो संबंध जोडला जॉन ड्यूई यांनी. जानेवारी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांनी प्रयोगशाळा-शाळा सुरू केली, तेव्हा सोळा मुलं आणि दोन शिक्षक होते. शाळेसाठी बाकं शोधायला ड्यूई शहरभर फिरले. हवी तशी मिळेनात. अखेर एका दुकानदाराने नेमकं निदान केलं: तुम्हाला मुलांनी काम करावं अशी बाकं हवीत आणि आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी केलेली आहेत. हा प्रसंग ड्यूईंनी 'द स्कूल अँड सोसायटी' या १८९९ च्या पुस्तकात सांगितला आहे.

त्याच पुस्तकात कापसाची हकिगत आहे. मुलांच्या हाती कापसाची बोंडं आणि लोकर दिली होती. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून कापूस वेगळा केला. तो भरला एका औंसापेक्षाही कमी, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आत. एक माणूस दिवसभर हाताने सरकी काढत बसला तर जेमतेम पौंडभर कापूस निघेल, हे त्या मुलांना सांगावं लागलं नाही. पूर्वजांनी सुती कपड्याआधी लोकरीचा कपडा का घातला, हेही त्यांना बोटांतूनच उमगलं. मग सरकी काढणारं यंत्र का लागलं, धाग्याला पीळ कसा बसतो, कापूस कुठे पिकतो, असे प्रश्न आपोआप पुढे आले. इतिहास, भूगोल आणि विज्ञान बोंडातून बाहेर पडलं. पुढे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला आणि मुलाच्या मनातला हेतू हाच प्रकल्पाचा प्राण आहे, असं मांडलं.

आपल्याकडे ही धारा दोन वाटांनी आली. पहिली वाट माँटेसरींची. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झालं. त्यांच्या विचारांवर गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर उभारलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

दुसरी वाट वर्ध्याची. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा केला. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं मूलोद्योगाला दिली होती आणि बाकीचे विषय समवायाने, म्हणजे त्या उद्योगाशी सांधून, शिकवायचे होते. सूत मोजायचं माप बघा: चार फुटांची एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला आज किती तारा झाल्या, लटी पुरी व्हायला किती कमी पडल्या, हे कळून घ्यावंच लागतं. इथे वजाबाकी स्वतःच्या कामाची असते आणि तिचं उत्तर चुकलं तर सूत ते दाखवून देतं. पुढे नयी तालीमच्या अनेक बुनियादी शाळांत टकळीचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा झाला. टकळी राहिली, समवाय गेला. ही दुसरी घसरण.

या दोन्ही वाटा बोर्डीला एकत्र आल्या. ताराबाईंनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. माँटेसरींची साधनं महाग, ती खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं झाली. मोजायला, लावायला, जोडायला, रचायला समुद्राकाठच्या गावात काय कमी? मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी जन्मली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसलं, तर शाळा गुरांमागे कुरणावर गेली, ती कुरणशाळा. विषय मुलाच्या जगण्यातून उचलायचा, ही ड्यूईंची आणि गांधीजींची गोष्ट इथे गरिबातल्या गरीब मुलाच्या दारी पोचली. मला या साऱ्या परंपरेतलं हे सर्वांत मोठं काम वाटतं.

ती परंपरा तुटली नाही. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये 'ग्राममंगल' ही संस्था उभी केली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं 'सृजन आनंद विद्यालय' १९८५ मध्ये आणि फलटणला मॅक्सिन बर्नसन यांचं 'कमला निंबकर बालभवन' १९८६ मध्ये सुरू झालं. सरकारी शाळांतही उमेद दिसली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी वर्गाची फरशीच शिकण्याची जागा केली आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत बालबाजार भरतो. मेथीची जुडी पंधरा रुपयांना विकणाऱ्या दुसरीतल्या मुलीपुढे कुणी पन्नासची नोट धरली, की पस्तीस परत द्यायचे हे तिला बोटांवर काढावं लागतं. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' हा खेळसाहित्याचा संच आणला.

तिसऱ्या घसरणीची चाहूल मात्र आजच लागते आहे. 'पावसाळा' विषय आला, की शिक्षकाने कापलेली छत्री तीस मुलं तीस कागदांवर चिकटवतात आणि त्याचे फोटो पालकांच्या गटावर जातात. प्रकल्पाचं साहित्य दुकानातून तयार येतं आणि रात्री आई-वडील ते जोडतात. अंगणात पडलेला पाऊस डब्यात धरून पट्टीने मोजायला मात्र कुणी जात नाही. काचेच्या तुकड्याचं झालं, टकळीचं झालं, तेच इथे होऊ शकतं: कृती उरते, प्रश्न निघून जातो.

हे टाळायला पैसा लागत नाही. कोसबाडने ते केव्हाच दाखवून दिलं. लागतो तो शिक्षकाच्या हातातला मोकळा वेळ. म्हणून अधिकाऱ्यांनी शिक्षकांकडून अहवाल आणि फोटो मागणं कमी करावं आणि सलग दोन तास त्यांच्या हवाली करावेत. शिक्षकांनी विषय आपल्या गावातून निवडावा, कोकणात भात, विदर्भात कापूस, देशावर ज्वारी, आणि नमुना स्वतः करून दाखवू नये. पालकांनी मुलाचा प्रकल्प वेडावाकडा दिसला तरी त्याला हात लावू नये. मुलाने स्वतः केलेली चूकही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. आपण केलेली सुबक वस्तू नाही.