घरचा खाद्यधंदा आणि फ्रँचायझी : नाव दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात ज्यांच्या हलीमसाठी रांग लागायची, अशा एका घरातली ही गोष्ट. अब्बांनी हातगाडीवर सुरुवात केली, मुलांनी पुढे दुकान घेतलं. मग एक नातेवाईक म्हणाले, "शेजारच्या शहरात तुमच्या नावाने शाखा काढतो." घरचाच माणूस, त्यामुळे कागद कसला करायचा? दोन वर्षांत तिथली चव बिघडली, गिऱ्हाईक इकडे येऊन बोलू लागले. पाटी उतरवा म्हणायला गेले तर उत्तर मिळालं, "नाव मी माझ्या नावावर नोंदवून घेतलंय." आज ही दोन घरं ईदला एकमेकांकडे जात नाहीत.

आपल्याकडे चव असते, मेहनत असते, कागद मात्र नसतो. म्हणून सुरुवात कागदापासून.

फ्रँचायझी म्हणजे आपलं नाव, कृती आणि धंद्याची पद्धत ठरावीक अटींवर दुसऱ्याला वापरायला देणं. तो आपल्या पैशाने दुकान उभारतो, सुरुवातीला एकरकमी फी देतो आणि नंतर विक्रीवर ठरलेली रॉयल्टी. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळा व्यवहार १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेड मार्क कायदा यांवर चालतो. म्हणजे करारात जे लिहिलेलं नाही, ते मागायला गेलात तर हातात फार काही लागत नाही.

नावाची नोंदणी सर्वांत आधी. ती दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. हॉटेल, खानावळ यांचा वर्ग ४३. मसाले आणि बेकरीचा माल वर्ग ३० मध्ये. मटण-चिकनचे पदार्थ वर्ग २९ मध्ये. व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. एका देगीच्या मटणाला याहून जास्त लागतात! नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो हे खरं, पण ते सिद्ध करण्यात वर्षं आणि वकिलाची फी जाते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. "सोडून गेल्यावर हाच धंदा करायचा नाही" अशी अट अनेक करारांत असते, पण करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती कोर्टात टिकणं अवघड. त्यामुळे कृतीचं रक्षण अटीने कमी आणि मसाल्याच्या पाकिटाने जास्त होतं. मूळ मसाला एकाच ठिकाणी भाजून, दळून, वजन करून पाकिटात भरायचा. शाखेला पाकीट जाईल, कृती नाही. त्यासाठी आधी अम्मीच्या "अंदाजाने टाक" चे ग्रॅम करावे लागतात. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. तराजू घेऊन त्यांच्या शेजारी आठ-दहा वेळा बसावं लागतं, आणि मिरचीचा लॉट बदलला की पुन्हा.

बाहेरचं उदाहरण पाहायचं तर न्यूयॉर्कचं 'द हलाल गाइज'. १९९० मध्ये इजिप्तहून आलेल्या तिघांनी हॉट डॉगची गाडी लावली. टॅक्सी चालवणाऱ्या मुस्लिम ड्रायव्हरांना हलाल जेवण हवंय हे लक्षात आल्यावर ते चिकन आणि भात विकू लागले. फ्रँचायझी देण्याचा करार त्यांनी २०१४ मध्ये केला, म्हणजे चोवीस वर्षांनी. आपल्याकडे दुसऱ्या वर्षीच पाट्या वाटायची घाई होते.

पण कौमच्या भल्याचा विचार असेल तर मला मुंबईचं लिज्जत जास्त जवळचं वाटतं. (लिज्जत आणि आपली उर्दूतली लज्जत एकच, हे वर्गात सांगितलं की मुलं खूश होतात.) १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी न्यायचं, लाटून वाळवून परत आणायचं, तपासून घ्यायचं आणि मजुरी घ्यायची, ही पद्धत आज ४० हजारांहून जास्त भगिनी चालवतात. ही फ्रँचायझी नव्हे, शाखा आहेत आणि मालकी काम करणाऱ्या भगिनींचीच. तरी उचलण्यासारखं बरंच आहे. समोसा पट्टी, कबाबचं मिश्रण, नानखटाई अशी कामं मोहल्ल्यातल्या बायकांना वजनावर देता येतात, आणि चव एकाच ठिकाणी तपासता येते.

पैशाचं काय? व्याज नको असेल तर मुशारका आणि मुदारबा हे जुने मार्ग आहेत. मुशारकात नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. मुदारब्यात पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची. हयगय झाली नसेल तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा आणि राबणाऱ्याची मेहनत वाया. दुकानात वीस वर्षं राबलेल्या कारागिराला पहिली शाखा अशीच देता येईल. त्याच्याकडे फी भरायला लाखो रुपये कुठून येणार? रॉयल्टी घेणं जायज आहे का, हेही विचारलं जातं. व्यापारी नाव आणि चिन्ह हा मोल असलेला हक्क असून त्याचा मोबदल्यावर व्यवहार करता येतो, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत केला आहे. जकात विक्रीच्या मालावर आणि रोख रकमेवर निघते. फ्रीजर, भट्टी, भांडी यांवर नाही. आपला हिशोब मात्र मुफ्ती साहेबांना दाखवून घ्यावा.

परवान्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक शाखेची एफएसएसएआय नोंदणी वेगळी लागते आणि १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो. एकाच्या क्रमांकावर दुसरी शाखा चालत नाही. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. रमजानमध्ये भजी-समोशांच्या कढईवर नजर ठेवा. एका शाखेची कढई सगळ्यांचं नाव घालवते. उरलेलं अन्न गरिबांना देण्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत, तेही करारात जोडा म्हणजे प्रत्येक शाखा आपल्या मनाने वाटप करणार नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितलं आहे, तरी भावाभावांत कागद काढला की चेहरे उतरतात. शाखेची हद्द, मसाल्याचा दर, हलाल मटण कुणाकडून घ्यायचं, पाटी कधी उतरवायची, वाद झाला तर कुणापुढे जायचं, हे सगळं मराठीत किंवा उर्दूत, घरातल्या सगळ्यांना कळेल असं लिहा. आणि सही करण्याआधी तो अम्मींना वाचून दाखवा. कृती त्यांची असेल तर त्यांचा हिस्साही आकड्यात लिहिलेला असू द्या.