उसना गळा, घरचा गळा
डूम मेटलचा इतिहास सांगताना स्वीडनच्या 'कँडलमास' या बँडचा पहिला अल्बम 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६) पहिल्या मानाचा धरला जातो. 'एपिक डूम' ही शाखा त्या शीर्षकाशीच जोडली जाते, म्हणून ते स्वाभाविकही आहे. पण माझ्या मते घराणं खरं उभं राहिलं ते दुसऱ्या अल्बमनं, १९८७च्या 'नाइटफॉल'नं. पहिल्या अल्बमवरचा योहान लेंगक्विस्टचा गळा उसना होता. तो रेकॉर्डिंगपुरता आला, बँडमध्ये राहिला नाही. अल्बम खपला नाही आणि फ्रेंच रेकॉर्ड कंपनीनं बँडला सोडून दिलं. गाणी रचणारा बासवादक लेफ एडलिंग होता, पण ती रंगमंचावर उभं राहून गाणारं कुणी नव्हतं. ती जागा 'मर्सी' या बँडमधून आलेल्या मेसाया मार्कोलिननं घेतली.

डूम मेटलच्या विलंबित लयीत गिटारचा एक आघात झाला की पुढचा येईपर्यंत मोठी पोकळी राहते. वेगवान मेटलमध्ये गायक शब्दांच्या माऱ्यावर वेळ मारून नेऊ शकतो, इथे स्वर धरूनच ठेवावा लागतो. मार्कोलिनचा ऑपेराच्या वळणाचा, रुंद कंपाचा आवाज ती पोकळी भरून काढतो. 'द वेल ऑफ सोल्स' लक्ष देऊन ऐकावं: रिफ जड पावलांनी चालत राहतो आणि स्वर त्याच्या वर कमानीसारखा ताणलेला राहतो. याच अल्बमच्या मधोमध शोपँचं शोकसंचलन फक्त वाद्यांवर येतं. चाल तीच संथ, पण गळा नाही. तो काय सांभाळत होता, हे तिथे नेमकं कळतं.

यावर कुणी म्हणेल, लेंगक्विस्टही ताकदीनं गायला होता आणि बहुतेक गाणी एडलिंगचीच होती. मग श्रेय नव्या गायकाला का? हे म्हणणं बरंचसं खरं आहे. शिवाय मुख्य गिटारवादक लार्स योहान्सन आणि ड्रमर यान लिंध हेही तेव्हाच नव्यानं आलेले. म्हणून श्रेय मी एकट्या गळ्याला देत नाही, पाच जणांच्या टिकण्याला देतो. याच पाच जणांनी १९८८ आणि १९८९ साली आणखी दोन अल्बम केले. मार्कोलिन रंगमंचावर घालायचा तो भिक्षूचा झगा म्हणजे नुसतं नाटक, असाही आक्षेप घेतला जातो. पण संथ संगीतात रंगमंचावरच्या शरीराला करण्यासारखं फार थोडं उरतं, आणि त्या झग्यानं, त्या डोलत्या चालीनं प्रेक्षकांना लय डोळ्यांनी दाखवली.

मार्कोलिन १९९१मध्ये गेला, पुढे परत येऊन पुन्हा गेला, मधल्या काळात इतर गायक आले. २०१८मध्ये लेंगक्विस्ट परतला, या वेळी कायमचा सदस्य म्हणून, आणि २०१९च्या 'द डोअर टू डूम'मध्ये ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी एका गाण्यात पाहुणा आला. पहिल्याच अल्बमला मूळ मानणाऱ्यांना हा मोठा पुरावा वाटतो. मला मात्र त्यात एवढंच दिसतं, की बत्तीस वर्षांनी लेंगक्विस्टला परतायला 'कँडलमास' शिल्लक होता.