संगमरवरातील दावा

चर्चगेट स्थानकात रोज लाखो माणसे उतरतात. पण त्या नावातले चर्च किती जणांनी पाहिलेले असते? ‘गेट’ तर १८६० च्या दशकात किल्ल्याच्या तटबंदीबरोबरच पाडले गेले. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ उभे आहे, सेंट थॉमस कॅथेड्रल. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत १६७६ साली पाया घातला गेला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे काम रखडले. अखेर रिचर्ड कॉब या पाद्र्याच्या खटपटीमुळे १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये त्याचे कॅथेड्रल झाले.

आत शिरल्यावर प्रार्थनेपेक्षा मृत्यूच अधिक बोलतो. कंपनीचे अधिकारी, आरमारी कप्तान, त्यांच्या बायका अशा अनेकांची स्मारके भिंतींवर आहेत. या पाषाणी चरित्रवाङ्मयाचा वाचक सावध हवा. १८११ मध्ये मुंबईतच वारलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक पाहा. बनारसमध्ये संस्कृत पाठशाळा काढणारा हा माणूस. शिल्पात त्याला हिंदू आशीर्वाद देताना दाखवले आहेत, आणि बनारस व काठेवाडातील बालहत्या बंद झाल्याची नोंद आहे. डंकनचे प्रयत्न खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ती प्रथा संपली नव्हती. मुलींच्या हत्येविरुद्ध सरकारला १८७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शिल्पकाराने पूर्णविराम फार लवकर दिला होता. ज्या मुलींविषयी तो लेख आहे, त्यांच्यापैकी एकीचेही नाव या भिंतींवर नाही.