कॅबिनेट

नाशिकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ‘कॅबिनेट दाखवा’ म्हटलं की पत्र्याची पेटी समोर येते. मुंबईत त्याच शब्दाला मंत्री जमतात. फ्रेंच ‘काबिने’ म्हणजे लहानशी खासगी खोली. इंग्रजीत तिचं मौल्यवान चीजवस्तूंचं कपाट झालं. राजा ज्या खोलीत सल्लागारांशी खलबतं करी, तिच्यावरून सल्लागारांनाही तेच नाव पडलं. इटालियन ‘गाबिनेत्तो’चा एक अर्थ तर चक्क संडास! कपाटावरून शब्द रेडिओच्या आणि मग कॉम्प्युटरच्या खोक्यावर आला. इंटेलने १९९५ मध्ये या खोक्यासाठी एटीएक्स नावाची ठरावीक मापं आणली, तेव्हापासून आतल्या मुख्य सर्किट-पाटीच्या, म्हणजे मदरबोर्डच्या, स्क्रूंची भोकं कंपनी कुठलीही असो, खोक्याशी बहुधा जुळतात. घरोघरी मात्र या अख्ख्या खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. ते चूक आहे. सीपीयू म्हणजे आतली चिप. दुकानात कॅबिनेटच मागा.