सुरतेची वखार, मुंबईची पेठ

नव्या वस्तीत व्यापारी आणून बसवावयाचे असतील तर त्यांस आरंभीची काही वर्षे करांतून मोकळीक द्यावी, हा धडा आपल्या देशास अलीकडच्या उद्योगखात्यांनी प्रथम शिकविला असे नव्हे. दख्खनेत पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून कौल निघे. शेटे-महाजनांस वतन मिळे. दुकान घालणारास पहिली काही साले करमाफी असे, आणि पुढे इस्ताव्याने वर्षागणिक थोडथोडा कर चढवीत तो पूर्ण दरास नेला जाई. जकात ही केवळ खजिना भरण्याची बाब नसून व्यापाराचा ओघ इकडून तिकडे वळविण्याचे ते एक साधन आहे, हेही आपले राज्यकर्ते जाणून होते. १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडले तर संगमेश्वरचे मीठ पडून राहील, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय होता.

त्याच दशकात आणि याच किनाऱ्यावर एक परदेशी व्यापारी कंपनी आपली मुख्य कचेरी एका नांदत्या बंदरातून उचलून खाजणांनी आणि नारळीच्या बागांनी व्यापलेल्या एका बेटावर नेण्याच्या खटपटीत होती. ते बंदर सुरत आणि ते बेट मुंबई. या स्थलांतराची हकीकत सामान्यतः इंग्रजांच्या राज्यविस्ताराचे एक प्रकरण म्हणून सांगितली जाते. परंतु व्यापारी एक शहर सोडून दुसऱ्यात का जातो, त्यास काय दिले म्हणजे तो येतो आणि काय दिले म्हणजे तो राहतो, या प्रश्नांच्या दृष्टीने ती वाचली असता आजच्याही कारभारास उपयोगी पडेल असे पुष्कळ तीत सापडते.

सुरत म्हणजे त्या काळी मोगल बादशाहीचे समुद्राकडचे महाद्वार होते. मक्केस जाणारे यात्रेकरू तेथूनच गलबतात बसत, बुऱ्हाणपूर आणि अहमदाबाद येथला माल तेथेच उतरे, आणि इंग्रजांची वखार १६१३ पासून तेथे होती. परंतु १६६० नंतरच्या दशकात या बंदराच्या स्वास्थ्यास तडे जाऊ लागले. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी ते लुटले आणि १६७० मध्ये पुन्हा लुटले. बादशहाचे सुभेदार शहराचे रक्षण करू शकले नाहीत, हे दोन्ही वेळा सर्वांस दिसले. दुसरीकडे औरंगजेबाने १६६५ मध्ये हिंदू व्यापाऱ्यांच्या मालावर शेकडा पाच आणि मुसलमान व्यापाऱ्यांच्या मालावर शेकडा अडीच जकात ठरविली, आणि दोनच वर्षांत मुसलमानांची जकात सर्वस्वी माफ केली. एकाच धक्क्यावर उतरलेल्या एकाच प्रकारच्या मालास मालकाचा धर्म पाहून वेगळा दर लागू झाला.

तरीही सुरतेचे वाणी दराकरिता शहर सोडून गेले नाहीत. ते गेले १६६९ मध्ये, आणि त्याचे कारण निराळे होते. तेथील काजीने धर्मांतराची सक्ती आरंभिली, देवळे वाचविण्यासाठी पैसे उकळले, आणि हा जाच असह्य झाला तेव्हा भीमजी पारेख याच्या पुढारीपणाखाली सुमारे ८,००० वाणी त्या सप्टेंबर महिन्यात शहराबाहेर पडून भडोचेस गेले. दुकानांस टाळी लागली, व्यवहार ठप्प झाला. बादशहाकडून आश्वासन आले तेव्हा कोठे वर्षअखेरीस ही मंडळी परतली. प्रयाणापूर्वी त्यांचे प्रतिनिधी इंग्रज प्रेसिडेंट जेराल्ड आँजियर यास भेटले होते आणि मुंबईस आश्रय मिळेल काय, असे त्यांनी विचारले होते. मुंबईस माणसे हवी असूनही आँजियरने त्यांस तूर्त अहमदाबादेकडे जाण्याचा सल्ला दिला. कंपनीचा सारा व्यापार अद्यापि सुरतेत गुंतलेला होता. या लोकांस उघड थारा दिला असता बादशहाचा रोष ओढवला असता आणि तो सोसण्याचे बळ मुंबईच्या अपुऱ्या कोटात नव्हते. आश्रयाचे वचन देण्यापूर्वी ते पाळण्याचे सामर्थ्य असावे लागते, हा विवेक त्याने दाखविला.

ते सामर्थ्य मुंबईत कसे यावे हाच त्याच्यापुढील प्रश्न होता. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने हे बेट इंग्लंडच्या राजास दिले, गोव्याच्या विसोरेईने ताबा देण्यास टाळाटाळ केल्यामुळे तो १६६५ मध्ये मिळाला, आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड खंडावर ते कंपनीच्या हवाली केले. बेटावर कोळी होते, भंडारी होते, भातशेती करणारे कुणबी होते, पोर्तुगीज अमदानीपासूनचे जमीनदार होते. नव्हती ती पेठ. समुद्राचे पाणी भरतीस आत शिरे, रोगराई कायमची होती, आणि ठाणे व करंजा या नाक्यांवर पोर्तुगीज जबर जकात घेत असल्यामुळे मुख्य भूमीवरून येणारे धान्य महाग पडे. असे असता जमीनदारांस आपल्या जमिनी कायम राहतील याचीही शाश्वती नव्हती, कारण नव्या अंमलदारांनी काहींच्या मिळकती जप्त केल्या होत्या.

आँजियरने नव्या लोकांस बोलावण्यापूर्वी या जुन्या लोकांचा प्रश्न मिटविला, ही त्याच्या कारभारातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. १६७२ मध्ये ठरलेल्या आणि १६७४ मध्ये पक्क्या झालेल्या करारान्वये बेटावरील जमीनदारांनी मिळून शेराफीन नावाची २०,००० पोर्तुगीज नाणी दरसाल कंपनीस द्यावी आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरील आपला दावा सोडावा, असे ठरले. १६७२ च्या ऑगस्टात न्यायकचेरी उघडली, जातिजातींच्या पंचायती नेमून घरगुती तंटे त्यांच्याकडे सोपविले, टांकसाळ घातली, कोटाचे काम पुढे नेले. व्यापाऱ्यांस जकातीत सूट, विणकरांस राहण्यास जागा, पारशांस मलबार टेकडीवर दखम्यासाठी भूमी, अशा सवलती या पायावर उभ्या राहिल्या.

यांपैकी एका कागदाकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. दीवचा नीमा पारेख नावाचा वाणी मुंबईस येण्यास तयार झाला, पण त्याने आधी आपल्या अटी लेखी मागितल्या, आणि २२ मार्च १६७७ रोजी त्यास त्या मंजूर होऊन मिळाल्या. त्या दस्तऐवजात दहा कलमे आहेत. घर किंवा वखार बांधण्यास गावात वा गावाजवळ भाड्यावाचून जागा मिळावी. आपल्या जहाजांनी वाटेल त्या बंदरास जावे-यावे आणि नांगरपट्टी पडू नये. वर्षाच्या आत न खपलेला माल निर्यातीच्या जकातीवाचून परत नेता यावा. येथवर ती नेहमीची सवलत झाली. परंतु या कागदाचा मोठा भाग निराळ्याच मजकुराने भरला आहे. आपल्या घरात आपल्या धर्माप्रमाणे वागण्यास कोणी हरकत करू नये. आपल्या आवारात परधर्मीयाने राहू नये आणि जीवहत्या करू नये. प्रेतदहन आणि लग्नविधी आपल्या रीतीने करता यावेत. कोणाही स्त्रीपुरुषास वा मुलास बळाने ख्रिस्ती करू नये. इच्छेविरुद्ध ओझी वाहावयास लावू नये. रात्रीच्या पहाऱ्याची नोकरी मागू नये. सरकारी वा खाजगी कामासाठी सक्तीने कर्ज काढू नये. खटला झाल्यास आगाऊ सूचना दिल्यावाचून धरून नेऊन बेअब्रू करू नये. युद्धप्रसंगी कुटुंब आणि ऐवज ठेवण्यास किल्ल्यात जागा असावी. आणि गव्हर्नराच्या भेटीस गेले असता मानाने वागवून योग्यतेप्रमाणे बसावयास सांगावे. पालखी, घोडा आणि छत्री वापरण्यास अडथळा होऊ नये.

हा कागद वाचताना सुरतेत त्या समाजाने काय सोसले होते ते एकेका कलमाआडून दिसू लागते. नीमा पारेखास जकातीतला फायदा नको होता असे नाही. पण जो दर आज कमी केला तो उद्या वाढविता येतो, हे कोणाही अनुभवी व्यापाऱ्यास ठाऊक असते, आणि म्हणून त्याचा भर दरावर नसून वागणुकीवर होता. बसावयास आसन मिळावे, अशी अट जो मनुष्य करारात घालतो, त्यास उभे ठेवले गेल्याचे दुःख ठाऊक असले पाहिजे.

परंतु याच कागदाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नीमा पारेखास ओझ्यातून आणि पहाऱ्यातून सूट मिळाली, याचा अर्थ ओझी आणि पहारे नाहीसे झाले असा नव्हे. ज्यांच्या हाती असा कागद नव्हता त्या बेटावरच्या गरीब रयतेच्या खांद्यावर ती वेठ कायम राहिली. एकाची मोकळीक म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याचा भार असतो, आणि सवलतींचा हिशेब मांडताना हा रकाना कोरा ठेवण्याची सवय फार जुनी आहे.

कंपनीकडे बेट आले तेव्हाची वस्ती सुमारे १०,००० समजली जाते. १६७३ ते १६७५ च्या दरम्यान मुंबईत असलेल्या डॉ. फ्रायर याने ती ६०,००० च्या घरात असल्याचे लिहिले. अंदाजात अतिशयोक्ती धरली तरी वाढ मोठी होती, याविषयी संशय नाही. आँजियर १६७७ मध्येच सुरतेस वारला. त्यानंतर १६८७ च्या मे महिन्यात सर जॉन चाइल्ड याने लंडनच्या हुकुमाप्रमाणे मुख्य कचेरी सुरतेहून मुंबईस हलविली. दफ्तर आले, अधिकारी आले, मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरील कंपनीचे मुख्य ठाणे झाले. आणि याच क्षणापासून शहराच्या उतरतीस आरंभ झाला. चाइल्डने मोगलांची जहाजे पकडून युद्ध ओढवून घेतले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी शिवडीस उतरला, माझगाव व माहीम त्याने घेतले, इंग्रज कोटात कोंडले गेले. अखेर दीड लाख रुपये दंड भरून आणि चाइल्डच्या हकालपट्टीची अट मान्य करून कंपनीने बादशहाची माफी मिळविली. सिद्दी १६९० मध्ये गेला तेव्हा मागे उजाड वाड्या आणि साथीचे रोग राहिले. पुढे पंचवीस वर्षांनी रेव्हरंड कॉब याने मुंबईची लोकसंख्या १६,००० च्या आसपास सांगितली आहे. मुख्य कचेरी शहरात होती, माणसे नव्हती.

विश्वासाचा भंग शत्रूकडूनच होतो असेही नाही. रामा कामती हा शेणवी जातीचा धनाढ्य व्यापारी कंपनीच्या मर्जीतला होता. वाळकेश्वराचे देवालय त्याने १७१५ मध्ये पुन्हा बांधविले, भंडारी शिबंदीचे पुढारपण त्याच्याकडे होते, आणि १७१८ च्या नाताळात इंग्रजांचे नवे चर्च उघडले तेव्हा तो आपल्या जातभाईंसह त्या समारंभास हजर होता. दोनच वर्षांत कान्होजी आंग्र्यांशी फितूर असल्याचा आरोप त्याच्यावर आला, पत्रांचा आणि छळ करून काढलेल्या जबान्यांचा पुरावा झाला, मालमत्ता जप्त झाली, आणि तो कैदेतच १७२८ मध्ये मरण पावला. ती पत्रे बनावट असल्याचे नंतर उघडकीस आले. न्यायकचेरी असलेल्या शहरात असे घडले, हा कलंक त्या अंमलावरून पुसला जाणारा नाही.

मुंबईची पेठ खऱ्या अर्थाने भरली ती पुढच्या पिढ्यांत, आणि ती हुकुमाने नव्हे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हा सुतार आपल्या थोड्या साथीदारांसह सुरतेहून आला. सुरतेत तो ज्याच्या हाताखाली काम करी त्या धनजीभाईने गाव सोडण्याचे नाकारले होते. १७५० मध्ये येथे सुकी गोदी झाली, आणि त्याच घराण्याच्या हातून पुढे इंग्लंडच्या आरमाराची सागवानी जहाजे उतरली. मोगली सत्ता ढासळत गेली तसा सुरतेतील सराफ आणि सावकार आपला एक हात मुंबईत ठेवू लागला. १७५९ मध्ये सुरतेचा किल्लाच इंग्रजांच्या हाती गेला. कचेरी हलविण्यास एक दिवस पुरला होता. पेढ्या, कारागीर आणि त्यांची कुटुंबे हलावयास शंभर वर्षे लागली.

महाराष्ट्र राज्याने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापिले आणि १९६४ मध्ये सवलतींची सामूहिक योजना आणली, तेव्हा हेतू उलट दिशेचा होता: मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेले कारखाने मागासलेल्या जिल्ह्यांकडे वळवावे. साधन मात्र तेच जुन्या कौलाचे, काही वर्षे करांत सूट. तेव्हापासून राज्याराज्यांत अशा सवलतींची चढाओढ लागली आहे, आणि कोणी किती टक्के सोडले यावरच तिची चर्चा होते. माझे म्हणणे इतकेच की टक्केवारी हा कौलाचा सर्वांत अल्पायुषी भाग असतो. सवलतीची मुदत संपते त्या दिवशी कारखानदार जे पाहतो ते वेगळेच असते: तंटा पडल्यास निकाल लागतो की नाही, वीज आणि पाणी वेळेवर येते की नाही, अधिकारी बदलला तरी दिलेला शब्द टिकतो की नाही, आणि परगावचा माणूस येथे मानाने राहू शकतो की नाही. आणि ज्या गावकऱ्याची जमीन वसाहतीसाठी गेली, त्याचे हक्क नव्या पाहुण्याच्या हक्कांइतकेच लेखी आणि पक्के असले पाहिजेत. आँजियरने आधी जुन्या जमीनदारांशी करार केला, मग नीमा पारेखास बोलावले, हा क्रम मोडून वसविलेली वसाहत कागदावर कितीही भरलेली दिसली तरी ती फार काळ नांदत नाही.