तक्रारीसकट विश्वास

संकटकाळी देवावर भरवसा कसा ठेवावा, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत बहुधा अंत्यविधीला किंवा दवाखान्यातल्या खाटेशेजारी निघतो. म्हणजे विचार करायला सर्वांत अवघड अशा वेळी. तिथे पाळक आणि नातलग जे बोलतात ते मायेपोटीच, पण पुष्कळदा ते बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचेच बोलणे असते. म्हणून या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने आधी त्या मित्रांची ओळख करून घ्यावी.

अलीफज, बिल्दद आणि सोफर. तिघे आले आणि ईयोबाचे दुःख पाहून सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. इथवर त्यांचे काही चुकले नाही. मग ईयोबाने तोंड उघडले, आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला, आणि त्यांना राहवेना. देव न्यायी आहे, तेव्हा पाप तुझ्याच पदरी असणार, एवढाच त्यांचा युक्तिवाद. पण तो अध्यायामागून अध्याय चालतो. वाचक कंटाळतो. त्याने कंटाळावे असेच कवीच्या मनात असावे, असे मला वाटते. अखेर ४२व्या अध्यायात देव या तिघांवर रागावतो. आपल्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब, असा निकाल देतो. देवाशी वाद मांडायला निघालेला माणूस बरोबर, आणि देवाची वकिली करणारे चूक! सांत्वनाची आपली नेहमीची वाक्ये या निकालाशी ताडून पाहावीत.

‘सहनशील ईयोब’ म्हणून जो आपल्या ओळखीचा आहे, तो मुख्यतः पहिल्या दोन गद्य अध्यायांतला आणि याकोबाच्या पत्रातल्या उल्लेखातला. मधल्या काव्यातला ईयोब संतापतो, जाब विचारतो, पण देवाकडे पाठ मात्र फिरवत नाही. वावटळीतून देवाकडून मिळणाऱ्या उत्तरातही त्याच्या ‘का’चा उलगडा नाही, तिथे समुद्र आहे, हिम आहे, रानगाढव आहे. स्वर्गात देवाचे सैतानाशी झालेले बोलणे वाचकाला ठाऊक असते, ईयोबाला ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

ईयोबाच्या ग्रंथावर लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे. पोप ग्रेगरी पहिला याचे भाष्य ३५ भागांचे. कॅल्विनने जिनिव्हात १५५४-५५ मध्ये यावर १५९ प्रवचने केली. पेरूच्या गुस्ताव्हो गुटिएरेस यांनी १९८६ मध्ये तो निरपराध गरिबांच्या बाजूने वाचला, आणि मला तेच वाचन अधिक जवळचे वाटते. स्तोत्रांचे प्रकार लावणाऱ्या हेरमान गुंकेल यांच्यामुळे आणखी एक गोष्ट ठळक झाली: १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे सर्वांत जास्त. आपल्या उपासनेत मात्र ती क्वचितच ऐकू येतात.

अशा विश्वासाची उदाहरणे शोधायला मराठी वाचकाला फार लांब जायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अन्नान्न होऊन गेले, तेव्हा त्या अजून ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणून त्यांनी आश्रय दिला, तो उपासमार स्वतः भोगलेल्या बाईने. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, वारली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात खर्ची पडली होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही याच दृष्टीने पुन्हा वाचावीत. १८९५ मध्ये त्यांचे पती टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट त्यात आहे, रडणे आहे, चिडणे आहे. उपदेश जवळजवळ नाहीच.

वाचनाची सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करावी. ते अवघ्या सहा वचनांचे आहे आणि तक्रारीकडून भरवशाकडे वळते. लगेच अठ्ठ्याऐंशीवे घ्यावे, कारण ते वळतच नाही. मग मार्काच्या चौदाव्या अध्यायातले गेथशेमाने, जिथे प्याला टळावा अशी मागणी खुद्द येशू करतो. ईयोब त्यानंतर, शक्यतो एकाच बैठकीत. त्यातली, तिघा मित्रांनंतर बोलणाऱ्या अलीहूची भाषणे, अध्याय ३२ ते ३७, पहिल्या खेपेला गाळली तरी चालेल. पुष्कळ अभ्यासक ती मागाहून घातलेली मानतात, आणि देवही त्याची दखल घेत नाही.