डाळिंब एकच, भाव वेगळा का?

बाजारात एका पाटीत लालभडक, चकचकीत डाळिंबं असतात आणि शेजारच्या पाटीत पिवळसर. लाल डाळिंबांना भाव जास्त मिळतो. फोडून खाल्लं तर पिवळसरही गोडच लागतं. मग हा फरक कशाचा? त्यासाठी डाळिंबाच्या वाणांचा इतिहास पाहावा लागतो.

पूर्वी आपल्याकडे आळंदी नावाचं वाण होतं. त्याच्या बिया फार कडक. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदीच्याच रोपांतून एक झाड निवडलं. त्याच्या बिया मऊ होत्या. पुढे या वाणाला ‘गणेश’ नाव मिळालं. खाणाऱ्याला ते आवडलं आणि आपल्या कोरडवाहू भागात शेतकऱ्याला ते परवडलं. पण त्याचे दाणे फिकट गुलाबी, साल पिवळसर.

मग माल लांबच्या शहरांत आणि परदेशात जाऊ लागला. तिथलं गिऱ्हाईक फळ चाखून घेत नाही, बघून घेतं. आपल्या शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मऊ बियांच्या गणेशचा लाल दाण्यांच्या ‘गुल-ए-शाह रेड’ या परदेशी वाणाशी संकर केला. त्यातून मृदुला, आरक्ता आणि 2003-04 च्या सुमारास ‘भगवा’ हे वाण आलं. कुणी त्याला शेंदरी म्हणतं, कुणी अष्टगंधा.

भगव्याचे दाणे लाल, साल जाड आणि तकतकीत. जाड सालीमुळे फळ प्रवासात दबत नाही, जास्त दिवस टिकतं. व्यापाऱ्याची नासाडी कमी होते, म्हणून तो दोन पैसे जास्त देतो. म्हणजे भाव नुसत्या गोडीचा नसतो. रंगाचा, टिकण्याचा आणि किती लांब जाता येतं याचाही असतो.

पण भाव म्हणजे नफा नव्हे, बायांनो. भगवा तयार व्हायला साधारण 180 ते 190 दिवस लागतात. मृदुला, आरक्ता त्याआधी येतात. जितके दिवस फळ झाडावर, तितकं पाणी, फवारणी आणि राखण. त्यात तेल्या रोग आला की महागडं वाणही फेकून द्यावं लागतं.

म्हणून गटातून रोपांसाठी कर्ज घेताना आम्ही चार गोष्टी विचारायला सांगतो. उन्हाळ्यात पाणी पुरेल का? माल जवळ विकायचा की लांब? रोपं रोगमुक्त, खात्रीच्या रोपवाटिकेतली आहेत का? आणि पट्टी कुणाच्या नावावर येणार? निंदणी, तोडणी, प्रतवारी आपण बायाच करतो. प्रतवारीने भाव वाढत असेल, तर त्या भावाचा हिशेबही आपल्या वहीत असायला हवा.